वस्तीतली अंगणवाडी आणि आपली जबाबदारी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)





समितीने आम्हाला ‘शिक्षण आणि समाज’ असा विषय दिला आहे. विषय फार मोठा आहे. त्यावर बोलायला प्राध्यापक मंडळी आहेत. आम्ही पडलो रोलिंग मिलमधले कामगार. आमचं शिक्षण थोडं शाळेत आणि बाकीचं वाचनालयात व युनियनच्या सभांमध्ये झालं. म्हणून या मोठ्या विषयाचं एक लहान टोक आम्ही धरतो. ते टोक म्हणजे आपल्या वस्तीतली अंगणवाडी. तिथं किती लेकरांची नावं आहेत, कुणाची आहेत, कुणाची नाहीत, आणि नाव असून लेकरू का येत नाही, एवढंच आज बोलायचं आहे.

आपल्या गावाबद्दल एक जुनं बोलणं सगळ्यांना पाठ आहे : ‘जालना, सोन्याचा पालना.’ व्यापाराची पेठ म्हणून ते खरंही होतं. कापूस, सरकी, डाळी, पुढं बियाण्याच्या कंपन्या आणि मग स्टीलच्या मिली. भंगार वितळवायचं, बिलेट ओतायचं आणि सळई काढायची, हे काम जालन्यात रात्रंदिवस चालतं. या सळईवर लांब लांब इमारती उभ्या आहेत. पण पालना म्हणजे पाळणा. पाळणा म्हटल्यावर त्यात लेकरू पाहिजे. या सोन्याच्या पाळण्यात कुणाचं लेकरू झोपलं आणि कुणाचं लेकरू भट्टीच्या भिंतीमागं चिंधीच्या झोळीत झोपलं, हे आपण विचारलं पाहिजे.

१ मे १९८१ रोजी आपला जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला. औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. आपले तालुके आठ : जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार भरली. यातला फार मोठा भाग शेतमजूर, उसतोड मजूर आणि रोजंदारीवर जगणारा आहे. अशा घरातलं तीन-चार वर्षांचं लेकरू दिवसभर कुठं असतं, त्यावर त्याचं पुढचं सगळं अवलंबून आहे.

आता अंगणवाडी हा शब्द कुठून आला ते ऐका. तो कुठल्या सरकारी कचेरीत जन्मलेला नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी इथं ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. गोरगरीब, अस्पृश्य मानलेल्या घरांतली लेकरं बालवाडीपर्यंत पोचत नाहीत, हे या बायांच्या ध्यानात आलं. तेव्हा त्यांनी ‘लोक अडाणी आहेत’ म्हणून हात झटकले नाहीत. लेकरू बालवाडीत येत नसेल तर बालवाडीच लेकराच्या अंगणात नेली. अंगणात भरणारी वाडी म्हणून अंगणवाडी. पुढं हेच काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी लेकरांसाठी चाललं. म्हणजे अंगणवाडीचं मूळच मुळी आपल्यासारख्यांच्या अंगणात आहे, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

सरकारने हे काम हाती घेतलं ते २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना या नावाने. देशात ३३ प्रकल्पांपासून सुरुवात झाली. आपल्या महाराष्ट्रात मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी हे पहिले. आज राज्यात एक लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. नियम असा की साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीमागं एक अंगणवाडी. तिथं सहा सेवा मिळायला पाहिजेत : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्याकडं पाठवणी, आयाबायांना आहार-आरोग्याचं शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना शाळेपूर्वीचं शिक्षण. आपले लोक अंगणवाडीला ‘खिचडीची शाळा’ म्हणतात. सहातली एकच सेवा आपण ओळखली, बाकीच्या पाच मागायच्या राहून गेल्या.

आता हजेरीकडं वळू. मिलमध्ये हजेरीपट असतो. त्यावर नाव आहे म्हणजे माणूस भट्टीवर उभा आहे असं होत नाही. नाव एकाचं, कामावर बदलीवाला दुसराच, आणि तिसरा ठेकेदाराचा माणूस, ज्याचं नाव कुठंच नाही. उद्या अपघात झाला की या तिघांतला फरक कळतो. अंगणवाडीचंही तसंच आहे. तिथं तीन आकडे वेगवेगळे धरावे लागतात. पहिला, हद्दीत तीन ते सहा वयाची लेकरं किती. दुसरा, त्यांतली नाव नोंदलेली किती. तिसरा, प्रत्यक्ष चटईवर बसलेली किती.

समजायला सोपं जावं म्हणून आकडे धरू. समजा हद्दीत ६० लेकरं आहेत, नाव ४५ जणांचं आहे आणि सोमवारी अकरा वाजता बसलेली २० आहेत. मग ६० आणि ४५ यांतली १५ लेकरं कुठं गेली ? काही फी भरून नर्सरीत गेली असतील. काही भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची असतील, ज्यांच्या दारात सर्वेक्षण पोचलंच नाही. आणि ४५ व २० यांतली २५ ? त्यांचं नाव आहे, पण ती रानात आईच्या मागं असतील, फडावर असतील, नाही तर दहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतील. त्या बहिणीचंही शाळेच्या हजेरीपटावर नाव आहे, हे ध्यानात घ्या. म्हणजे एक लेकरू अंगणवाडीत आलं नाही की दोन हजेऱ्या बुडतात. हे आकडे आम्ही धरलेले आहेत. आपल्या अंगणवाडीचे खरे आकडे आपण सगळ्यांनी मिळून काढायचे आहेत, त्याबद्दल शेवटी बोलतो.

आता ही लेकरं कुणाची आहेत ते बघू. आपल्यासारख्या वस्त्यांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोठा बदल झालेला आहे. पूर्वी अंगणवाडीत नोकरदाराचं, मिलमधल्या कायम कामगाराचं आणि रोजंदारीवाल्याचं, सगळ्यांचं लेकरू एकाच चटईवर बसायचं. आता ज्याला महिन्याचा पगार आहे त्याच्या दारात पिवळी गाडी येते. गळ्यात टाय, पाठीवर दप्तर, आणि लेकरू इंग्रजी नर्सरीत. चटईवर राहिलं कोण ? रोजंदारीवाल्या बौद्ध घरांतली लेकरं, मातंग समाजाची, गरीब मुसलमानांची, भिल्ल आणि पारधी पालांवरची. औद्योगिक वसाहतीच्या कडेला बघा, तिथं बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडून मिलमध्ये आलेल्या कामगारांची लेकरं आहेत. घरात भोजपुरी नाही तर उडिया बोलतात आणि अंगणवाडीत बाई मराठीत गाणं म्हणते. ते पोरगं पहिले दोन महिने नुसतं बघत बसतं.

नर्सरीत घालणाऱ्या आईबापाला आम्ही नावं ठेवत नाही. आमच्या घरातही हा वाद झाला. सून म्हणाली, “मामा, तुम्ही भाषणं करता ते ठीक आहे. पण पोरीची ही वर्षं वाया गेली तर ती तुम्ही भरून देणार आहात का ?” प्रश्न अगदी बरोबर होता. आम्ही भाषणाने उत्तर दिलं नाही. नातीला अंगणवाडीत घातलं आणि सुनेला सांगितलं, तू दर महिन्याला मातांच्या बैठकीला जा आणि हाच प्रश्न तिथं विचार. ती जाते. रंगीत खडू आले का, तक्ते भिंतीवर आहेत का कपाटात, गाणी-गोष्टींचा तास होतो का, हे ती विचारते. तिच्यामुळं आणखी चार बाया विचारायला लागल्या. बोलणारी आई जिथं असते तिथलं काम सुधारतं. बोलणाऱ्या आया नर्सरीच्या गेटावर निघून गेल्या की मागं राहिलेल्या आईचं कुणी ऐकत नाही, आणि पट घसरला की वर अहवाल जातो, ‘इथं गरज नाही’. आमची काळजी ती आहे.

नर्सरीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात हक्क आहे तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांना. सहाच्या आतल्या लेकरांसाठी कलम ११ मध्ये एवढंच म्हटलं आहे की सरकार मोफत व्यवस्था करू शकेल. ‘करू शकेल’ आणि ‘केलीच पाहिजे’ यांत किती अंतर आहे, हे ज्याने बोनससाठी भांडण केलं त्याला सांगायला नको.

हे अंतर कसं पडलं, तेही आपल्याला माहीत पाहिजे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं सांगितलं होतं की प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. पुढं घटना तयार होत असताना, २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत चर्चा झाली. एका सभासदाची सूचना होती की या कलमात फक्त प्राथमिक शिक्षण असं घाला. बाबासाहेबांनी ते नाकारलं. त्यांचा मुद्दा असा की चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला कामाला लावायला आपण बंदी करतो आहोत, तर त्या वयापर्यंत मूल कुठल्या तरी शिक्षणाच्या ठिकाणी असलंच पाहिजे. म्हणून ४५ व्या कलमात चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचं शिक्षण, तेही दहा वर्षांच्या आत, असं आलं. नीट वाचा : सर्व बालकं. त्यात तीन वर्षांचंही आलं आणि पाच वर्षांचंही आलं. दहा वर्षांची मुदत १९६० ला संपली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात सांगितलं की चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे. पण २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीत हक्काची सुरुवात सहाव्या वर्षापासून केली आणि सहाच्या आतल्यांसाठी ४५ व्या कलमात ‘राज्य प्रयत्न करील’ एवढंच ठेवलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा ही वर्षं शिक्षणाचा पाया म्हणून मानली. मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं ते धोरणच सांगतं. मग पाया म्हणता आणि हक्क देत नाही, हे कसं ? हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत उमेदवाराला विचारण्यासारखा आहे.

तरी आपल्या हातात काही नाही असं नाही. अन्नाच्या हक्काचा जो खटला २००१ साली सर्वोच्च न्यायालयात सुरू झाला, त्यात फार मोलाचे आदेश आहेत. ७ ऑक्टोबर २००४ चा आदेश सांगतो की अंगणवाडीसाठी दारिद्र्यरेषेची अट लावायची नाही, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत लवकरात लवकर अंगणवाडी झाली पाहिजे. १३ डिसेंबर २००६ चा आदेश सांगतो की ज्या वस्तीत सहा वर्षांच्या आतली निदान ४० लेकरं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथं मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यायची. आमच्या मते हे दोन आदेश वस्तीत फलकावर लिहून ठेवावेत.

आहाराचं सांगतो. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळतील असा आहार द्यायचा नियम होता. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो हक्क झाला. २०१७ मध्ये त्यासाठी लेकरामागं दिवसाला ८ रुपये दर ठरला. आठ रुपयांत आज चहाही मिळत नाही. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांच्या आतल्या शंभर लेकरांमागं ३५ लेकरं वयाच्या मानानं खुजी निघाली. खुजं म्हणजे वर्षानुवर्षं अर्धपोटी राहिलेलं.

या सगळ्याचा राग पुष्कळ वेळा आपण सेविकाताईवर काढतो. ते बरोबर नाही. तीही कामगारच आहे, फक्त सरकार तिला कामगार म्हणत नाही, मानधनी म्हणतं. २०१८ मध्ये केंद्राने तिचं मानधन ४५०० रुपये केलं, वर राज्याची भर. २०२१ पासून पोषण ट्रॅकर आला. लेकरांना गाणं शिकवायच्या वेळेत ती मोबाईलला रेंज शोधत फिरते. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बायांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस पन्नासहून जास्त दिवस संपावर होत्या. त्या दिवसांत किती वस्त्या त्यांच्या मागं उभ्या राहिल्या ? संपाचा अर्थ मिलवाल्यांना तरी कळला पाहिजे.

आता लेकरू का येत नाही त्याची मोठी कारणं बघू. पहिलं कारण वेळेचं. अंगणवाडी सकाळी काही तास भरते. आई बियाण्याच्या प्लॉटवर नाही तर कापूस वेचायला सकाळी जाते ती दिवस मावळताना येते. दुपारनंतर लेकराला कोण बघणार ? म्हणून ती त्याला बरोबरच नेते. १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त बाया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सांगितलं होतं. पण शेतात पाळणाघर कुठलं ? २०२२ मध्ये केंद्राच्या मिशन शक्तीत ‘पालना’ नावाची योजना आली. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, अशी ती आहे. आपल्या गावाच्या म्हणीतला शब्द सरकारने योजनेला दिला. तो जालन्यात तरी मागितला पाहिजे.

दुसरं कारण उसतोडीचं. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली घरंच्या घरं कारखान्याला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. शाळेतल्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय काढली गेली. पण तीन वर्षांचं लेकरू वसतिगृहात ठेवता येत नाही. ते आईबरोबर कोपीवर जातं. इकडं त्याचं नाव चालू, तिकडं त्याला कुणी ओळखत नाही. पोषण ट्रॅकरमध्ये एका अंगणवाडीतून दुसऱ्या अंगणवाडीत नाव हलवायची सोय आहे. लेकराचं आधार नसलं तरी आईच्या आधारवर नोंद होते. पण हे निघायच्या आधी सांगणारं कुणीतरी पाहिजे. उसाच्या फडात सांगून उपयोग नाही.

तिसरं कारण जातीचं. खेड्यांत अंगणवाडी गावठाणात असली तर आपल्या लेकराला लांब बसवल्याच्या तक्रारी येतात. आपल्या वस्तीत असली तर गावातली लेकरं येत नाहीत. हे कुणी कागदावर लिहीत नाही, पण पटावरची आडनावं वाचली की कळतं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आजच्या सभेपुढं असलेलाच आहे. समितीपुढं आपल्या तरुण मंडळींचा प्रस्ताव आहे की विहाराच्या सभागृहात इंग्रजी नर्सरी काढावी, थोडी फी ठेवावी. पोरांची तळमळ आम्हाला मान्य आहे. इंग्रजी आपल्या लेकरांना आलंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण फी कितीही थोडी ठेवली तरी ती भरू शकणारी घरं कोणती, हे आपण जाणतो. तेवढी लेकरं विहाराच्या सभागृहात येतील आणि बाकीची पन्नास पावलांवर चटईवर राहतील. आज गावाने केलेली वाटणी उद्या आपण विहारात करू. विहाराच्या दारात फी विचारली जावी, हे आमच्या मनाला पटत नाही.

आमची सूचना अशी आहे. सभागृह द्या, पण अंगणवाडी सुटल्यानंतरच्या वेळेसाठी द्या. दुपारी एकपासून संध्याकाळपर्यंत सर्व लेकरांना तिथं बसू द्या. ज्या शिकलेल्या पोरी-पोरं नर्सरीत शिकवायला तयार आहेत, त्यांनी तिथंच गाणी, गोष्टी, अंक आणि इंग्रजीचे शब्दही शिकवावेत. मिलमधल्या कायम कामगारांनी महिन्याला ठराविक वर्गणी द्यावी, त्यातून शिकवणाऱ्यांना मानधन द्यावं. आमची वर्गणी आम्ही आजच लिहून देतो.

दुसरं, येत्या पंधरा दिवसांत महिला मंडळ आणि तरुण मंडळाने घरोघर जाऊन सहा वर्षांच्या आतल्या सर्व लेकरांची यादी करावी. भाड्याच्या खोल्या, परप्रांतीय कामगारांच्या चाळी आणि पालं सोडायची नाहीत. सेविकाताईला बरोबर घ्यावं, तिची चौकशी करायला निघालो असं तिला वाटू देऊ नये. तिसरं, दसऱ्याच्या आधी उसतोडीला जाणाऱ्या घरांची वेगळी यादी करून लेकरांची नावं हलवायची व्यवस्था लावावी. चौथं, जिथं ४० लेकरं भरतात आणि अंगणवाडी नाही, तिथला अर्ज सह्यांनिशी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडं द्यावा आणि पोच घ्यावी. तारखेची पोच घेतल्याशिवाय तीन महिने मोजता येत नाहीत. हे आम्ही कामगार चळवळीत शिकलो.

बंधू-भगिनींनो, पटावर सहा महिन्यांनी किती नावं वाढली आणि चटईवर किती लेकरं वाढली, हे दोन आकडे पुढच्या बुद्धपौर्णिमेला या मंचावरून वाचून दाखवावेत, अशी समितीला आमची विनंती आहे. नर्सरीचा प्रस्ताव मांडणारी तरुण मंडळी इथंच बसलेली आहेत. त्यांनी आमचं म्हणणं खोडून काढलं तरी चालेल, पण यादी करायला आमच्याबरोबर यावं. रविवारी आम्हाला सुट्टी आहे. सकाळी नऊ वाजता विहारासमोर जमू.



जयभीम ! जय भारत !